डांबऱ्याची खाज आणि गावाची साडेसाती

...आणि परत वर मलाच म्हणतात, "नथ्थू, तुन्हा कुत्राघाई गावनं वाटोयं व्हई ऱ्हायनं!" माझ्या कुत्र्याने? गावाचं वाटोळं? अहो बसा, बसा, तुम्ही तरी ऐका. पण थांबा, बसण्याआधी हात दाखवा बघू... दोन्ही! पदराखाली काही नाही ना? पोळी वगैरे? तेल लावलेली? नाही? मग बसा. राग मानू नका, हल्ली मी देवाचे पण हात बघूनच दार उघडेन, अशी माझी गत झालीय. आणि हे सगळं कशापायी? एका खाजेपायी! खाज कुणाला? कुत्र्याला! आणि डोकं कोण खाजवतंय? मी!

तर कुत्रा माझा. नाव डांबऱ्या. नंदुरबारच्या सडकेवर डांबर टाकत होते तेव्हा पिंपामागे कुंई-कुंई करत बसलेलं पिल्लू, मी धोतराच्या सोग्यात घालून कोरीटला घरी आणलं, तर आमच्या घरात पहिलं भांडण हेच की हा मुळात काळा आहे की याला डांबर लागलंय. दगूबाईने, म्हणजे आमच्या मंडळींनी, त्याला विहिरीवर शिकेकाई लावून घासला, राख लावून घासला, शेवटी हात टेकले. "आयकतस का, हाऊ मुयातच काया शे!" नाक काळं, नखं काळी, जीभ सोडली तर सगळं काळं, अंगावर एक पांढरा केस शोधून दाखवा, मी माझी मिशी उतरवतो!

आणि तुम्हाला सांगतो, तिथेच माझं नशीब फुटलं. कारण गावात बाकीचे कुत्रे म्हणजे कुणी तांबडा, कुणी कबरा, कुणाच्या पायात पांढरे मोजे... नखशिखांत काळा असा हा एकच. आणि काळा कुत्रा म्हणजे काय, ते ज्याच्या पत्रिकेत शनी ठाण मांडून बसलाय त्याला विचारा! शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घातली की साडेसाती हलकी होते. तशी ती शनिमांडळच्या देवळात जाऊनही होते म्हणा, पण त्यासाठी गाडी जुंपा, बैल दिवसभर अडकवा, कापूस वेचायचा राहतो, केळीला पाणी द्यायचं राहतं... आणि इथे शनिमहाराजांचा खास माणूस गावातच, नथ्थूच्या ओट्यावर शेपूट हलवत बसलाय! कोण जातंय शनिमांडळला?

बरं, माणसं कशी बघा. स्वतः आठवडाभर ज्वारीची भाकर खातात. पण शनीला भाकर कशी चालेल? शनिवारी घरोघरी गव्हाची पोळी! घरातली पोरं ताटाकडे बघत बसलीत आणि पोळी चाललीय डांबऱ्याकडे, वर तिळाच्या तेलाची धार! शनिवारी सकाळी माझ्या दारात बायामाणसांची ही रांग, आणि मधे डांबऱ्या, एखाद्या मामलेदारासारखा, एकेकीचा अर्ज गिळतोय! मला काय, मी खूश. म्हटलं चला, आपल्या कुत्र्याला मान आहे.

तर त्या मानाची झाली खाज.

आधी कान. मागचा पाय वर करून असा खर्र-खर्र-खर्र कान खाजवायचा की वाटावं इंजिन चालू झालं. मग पंजे चाटायला लागला, चाटून चाटून काळ्याचे तांबडे केले. मग काखा, मग पोट, मग ढुंगण टेकवून ओटाभर घसरत जायचा, आणि आमची दगूबाई नुकतीच सारवून उठलेली! दिवसरात्र खर्र-खर्र, ना त्याला झोप ना आम्हाला. केस गळले. कातडी लाल झाली, चिघळली. हात लावायला गेलं की माझ्याकडे असा बघायचा, जसं काही हे मीच केलंय. तुम्हाला खरं सांगतो, माझा जीव तुटायचा. उसात रानडुक्कर अंगावर आलं होतं तेव्हा हाच मधे उभा राहिला होता, त्याची मांडी फाटली पण मागे सरला नाही. असा कुत्रा... आणि मी बसून नुसता बघतोय.

पण गावाला काय दिसलं? गावाला दिसले चट्टे! काळ्या कुत्र्यावर गुलाबी चट्टे! शनिवारी पोळ्या घेऊन आलेल्या बाया तशाच माघारी. "ओ माय! हाऊ तं काबरा व्हई गया! याले खावाडीसन शनी उतरी का आखो चढी?" आणि संध्याकाळी दारात कोण? साक्षात सरपंच बन्सीलालभाऊ! फेटा, काठी, मागे चार माणसं. त्यांना साडेसाती सुरू होती आणि ग्रामपंचायतीची निवडणूक पण तोंडावर, म्हणजे दोन्ही एकदमच. डांबऱ्याकडे बघून असं तोंड केलं, जसं काही त्यांचं मतच गळून पडलंय.

"नथ्थू भो, येवाऱ्या शनी-अमावास्यालोंग कुत्रा काया जोयजे."

मी म्हटलं, "बन्सीलालभाऊ, तो आजारी आहे, काळा काय हुकमावर होतो का?"

"मंग होडीमा बठाडी दिसूत अन् तापीना पल्याड सोडी दिसूत. धानोराले एक काया कुत्रा शे, तो लई येसूत."

संपलं! बदली! माणसाच्या बदलीला निदान कागद लागतो. आणि त्या अवस्थेत, अंगाची सालटं निघालेला कुत्रा नदीपलीकडे अनोळखी कुत्र्यांत सोडला तर आठ दिवस तरी जगेल का? पण गावाला जगण्याशी काय देणं, गावाला रंगाशी घेणं! खाज कुणाला? कुत्र्याला! मुदत कुणाला? मला!

मग सुरू झाले उपाय. गावात वैद्य नाही असं घर नाही, हे मला तेव्हा कळलं. एक म्हणे गंधक आणि करंजाचं तेल. लावलं. एक म्हणे तंबाखूचं पाणी. लावलं. एक म्हणे आंबट ताक, एक म्हणे गोमूत्र, एक म्हणे पाणी उपसायच्या इंजिनातलं जळकं तेल. "लाव भो, मन्हा बैलले लायं व्हतं, आते पाह्य कसा पयस!" लावलं! कुत्रा पळाला खरा, थेट तापीच्या पाण्यात जाऊन बसला. खाज तशीच, वर वास असा की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आणि दगूबाईने ते तेल माझ्या अंथरुणाला लागलेलं बघितलं, त्यानंतर जे झालं ते मी इथे सांगत नाही, समोर बायका बसल्यात.

शेवटी गेलो रतिलाल जोशींकडे. म्हटलं महाराज, कुत्र्याला बघा काय ते. त्यांनी पंचांग उघडलं, चष्मा पुसला, बोटं मोजली, डांबऱ्याला वरून खालून बघितलं आणि डोळे मिटून म्हणाले, "नथ्थू, सोपं नही. कुत्रालेच साडेसाती लागी शे."

मी म्हटलं, "असं? मग उपाय?"

"उपाय एकच. शनवारे काया कुत्राले तेलनी पोयी खावाड."

मी म्हटलं, "महाराज, कुठल्या काळ्या कुत्र्याला?"

"गावमा एकच शे ना. तुन्हाच."

आता सांगा! आहे यावर काही बोलण्यासारखं? मी दक्षिणा ठेवली, नमस्कार केला आणि बैलगाडी जुंपून कुत्र्याला घेऊन सरळ नंदुरबारला गुरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर तिकडचे, देशावरचे, शुद्ध बोलणारे. मी आपला घाबरत घाबरत आत, म्हटलं गुरांच्या दवाखान्यात कुत्रा आणला म्हणून हाकलतात की काय. तर साहेब खुर्चीतून उठून उभेच राहिले! "अरे वा! कुत्रा? कुत्रा आणलात? बसा, बसा!" मला नाही हो, डांबऱ्याला म्हणाले! "अहो, इथे आल्यापासून बैलाचे खूर आणि म्हशीची पोटं, दुसरं काही नाही. आम्ही मुंबईला कुत्र्यांवर एवढं शिकलो, इथे एकानेही कुत्रा दाखवला नाही हो!" डोळ्यांत पाणी यायचंच बाकी.

आणि मग जे काय तपासलं त्यांनी! मला सरकारी दवाखान्यात कुणी एवढं तपासलं नाही. कानात बॅटरी मारली. काखा बघितल्या. पात्याने कातडी खरवडून काचेवर घेतली, भिंगाखाली बघितली. "खरजेचे किडे नाहीत!" मग बारीक फणीने विंचरलं, निघाला तो काळा चुरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाकला, आणि दोघं डोकं लावून बघत बसलो. "लाल झालं तर पिसवांची घाण. नाही झालं. म्हणजे पिसवा नाहीत!" प्रत्येक 'नाही'ला माणूस असा खूश होत होता की मला वाटलं, शेवटी कुत्रापण नाही म्हणतील.

मग प्रश्न. "खाज कुठल्या ऋतूत सुटते?"

"साहेब, बारमाही. रविवारी जरा जास्त."

"रविवारी?" आता मला काय माहीत, साहेब ते रविवारचं का लिहून घेतायत!

"हं. मग ही अ‍ॅलर्जी. बहुतेक खाण्याची."

अ‍ॅलर्जी! मी म्हटलं, ही काय भानगड? ते म्हणाले, एखादी गोष्ट सगळ्यांना चालते, चांगली असते, पण एखाद्याच्या अंगाला ती सोसतच नाही, ती आली की आग आग होते. मी म्हटलं, साहेब, असं मला आमच्या मेहुण्याचं होतं. "अगदी तसंच!" म्हणाले. मी विचारलं, मग यावर औषध? तर म्हणे, "मुळातून बरी होत नाही. काय सोसत नाही ते शोधायचं आणि ते टाळायचं. सांभाळायची असते ती." तेही मेहुण्यासारखंच!

आणि शोधायचं कसं? तर इथे साहेबांनी माझ्या डोक्यावर धोंडा टाकला. "याने आजवर जे कधीच खाल्लेलं नाही, फक्त तेच द्यायचं. दीड-दोन महिने. दुसरा एक कण नाही! खाज थांबली तर मग जुनी खाणी एकेक करून परत द्यायची, ज्याने खाज सुटेल तो चोर."

कधीच न खाल्लेलं! डांबऱ्याने! गावात आलो, पारावर बसलो, म्हटलं बाबांनो, सांगा, या कुत्र्याने काय खाल्लेलं नाही? सगळं गाव विचारात पडलं. दाळ-बट्टी? खाल्लीय, प्रत्येक पंगतीत. पुरणपोळी? पोळ्याला. भगर? एकादशीला. केळी? सालासकट. गूळ, ढोकळा, लोणचं? मागच्या लग्नात नवऱ्यामुलाचा जोडा? अर्धा! साबण? खाल्लाय, मग फेस आला तेव्हा पिसाळला म्हणून सगळे झाडावर चढले होते. शेवटी कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "मासा."

सगळ्यांचे हात कानांवर! आम्ही गुजर माणसं, तापीकाठी राहतो, तापीचं पाणी पितो, पण तापीतल्या माशाकडे कधी वाकड्या नजरेने बघितलं नाही. गावात मासा शिजत नाही, मग कुत्र्याला मिळणार कुठून? नदीकडेला जामसिंगची झोपडी, तो मासे धरतो, पण त्याचा स्वतःचा कुत्रा असा की डांबऱ्या त्या वाटेला गेलाच नाही. म्हणजे मासाच! मी जामसिंगकडे गेलो. तो आधी माझ्याकडे बघून हसला, मग हसतच राहिला. "नथ्थूभाऊ, कुत्राना नावनं का सोताना नावनं?" मी म्हटलं, शपथ घेतो, कुत्र्याच्या नावाचं! तर म्हणे, "मंग संगे नागलीनी भाकर दे, डोंगरमाथून मन्हा सासरा लई येस. ती बी त्यानी नही खादी व्हई." नागली, म्हणजे नाचणी! ती बरी कुणाला आठवली नाही.

शेतात खोप बांधली, डांबऱ्याला तिथे नेला, तीन दगडांची चूल मांडली. आणि मी, चातुर्मासात कांदा न खाणारा माणूस, नाकाला उपरणं बांधून मासा शिजवतोय! घरी गेलो की दगूबाई दारातच. "तठेच थांबा! आंघोय करा! आखो एक!" पाहुण्यांत बोभाटा झाला की नथ्थू बाटला. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारचा पाट रिकामा. खाज कुणाला? कुत्र्याला! आणि वाळीत कोण? मी!

पण तुम्हाला सांगतो, वाळीत टाकलं तरी शनिवार सोडतील तर शपथ! शनी तिकडे बसलाय ना मानगुटीवर! कबरा तर कबरा, अजून अर्धा तरी काळा आहे! शेतात येतात हो पोळ्या घेऊन! एक बाई कापूस वेचायच्या झोळीत पोळी घालून आली. एक जण वैद्य बनून आला, औषधाच्या पानात काय? पोळी! एकाने बांधावरून लांबूनच भिरकावली, माझ्या टोपीवर येऊन बसली, तेलासकट! आणि मी काठी घेऊन खोपेभोवती धावतोय, "पोळी खाली ठेवा! पोळी खाली ठेवा आणि मागे व्हा!" रानडुकराला एवढा पळवला नव्हता मी, तेवढा भाविकांना पळवला.

पण एक कण पोटात जाऊ दिला नाही! आणि काय सांगू... आधी रात्रीची खर्र-खर्र थांबली. इतकी सवय झाली होती की त्या शांततेत मलाच झोप येईना, उठून बघितलं, म्हटलं मेलाबिला की काय. तर गाढ झोपलेला! मग कान बरे झाले. मग गुलाबीवर बारीक काळी लव आली, रोज हात फिरवून बघायचो मी, जसं काही माझ्याच टकलावर केस येतायत. शनी-अमावास्येला अजून अवकाश होता, तोवरच डांबऱ्या परत डांबर! मी त्याच्या गळ्यात पडून रडलो, लाजत नाही सांगायला.

आता चोर शोधायचा. डॉक्टरसाहेब हौसेने स्वतः आले कोरीटला. ज्वारीची भाकर दिली, दिवस जाऊ दिले, काही नाही. दूध दिलं, काही नाही. तुरीची डाळ, काही नाही. राहिला गहू. आणि बरोबर शनी-अमावास्येला बन्सीलालभाऊ हजर, हातात पोळी, तेल ठिबकतंय! "आते तं काया व्हयना ना? मंग पहिली मन्ही!" साहेब म्हणाले, द्या, द्या, तीच चाचणी समजा. सगळ्या गावासमोर पारावर दिली. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि डांबऱ्या... कान! पंजे! ढुंगण टेकून पारावरून घसरत!

साहेब आनंदाने नाचायचे बाकी! "सापडला! गहू! शनिवारची पोळी! हा पुरावा!" मी म्हटलं सुटलो रे देवा, आता तरी गाव बघतंय सगळं डोळ्यांनी.

गाव बघतच होतं. बन्सीलालभाऊ काठी टेकत पुढे आले, डांबऱ्या कसा खाजवतोय ते नीट निरखून बघितलं, आणि हात जोडून म्हणाले, "देखा! मन्ही साडेसाती त्याना अंगवर गई!"

अरे! अरे! पुरावा साहेबांचा आणि निकाल कुणाचा? सगळं गाव 'हो, हो' म्हणायला लागलं! म्हणजे इतके दिवस जी खाज होती, ती आमच्या शनीची होती! म्हणजे पोळी लागू पडते! जितका खाजवतो, तितका उतारा! साहेब ओरडतायत, "अहो गहू! गहू!" कोण ऐकतंय? आणि त्यात नेमके बन्सीलालभाऊ निवडून आले! संपलं! साहेबांचं शास्त्र तिथेच तापीत बुडालं. पुढच्या शनिवारी तर शेजारच्या गावांहून माणसं आली हो!

आता मी काय करावं? कुत्र्याला पोळी मिळाली तर तो मरतो, नाही मिळाली तर गाव मला मारतं. मग मी तोडगा काढला. डांबऱ्या शेतातल्या खोपेत, जामसिंगच्या भरवशावर, मासा-नागली खातोय, काळाभोर, लठ्ठ, सुखी. आणि शनिवारी मी दारात. "द्या, द्या, मी नेऊन घालतो." पोळ्या माझ्या हातात. लोक निश्चिंत. कुत्रा वाचला!

पण पोळ्यांचं काय? टाकायच्या? अन्न टाकू देत नाही दगूबाई. गायीला? शनीची पोळी गायीला चालत नाही. म्हशीला? दूध नासेल म्हणते. कावळ्याला घालायला गेलो तर, "तठे आपला पितर येतस, त्यास्ले साडेसाती देतस का?" मग राहिलं कोण? सांगा ना, राहिलं कोण?

...हो. मीच. दर शनिवारी. तेलासकट. सगळ्या गावाची.

आणि परवापासून... बघा, हे बघा, कान. आणि काखेत. आणि हे कोपर... खर्र-खर्र चालूच आहे बोलताना, तुम्ही मघापासून बघताय, सभ्य आहात म्हणून बोलला नाहीत. बन्सीलालभाऊ तर मला खाजवताना बघून इतके खूश झाले की म्हणे, "वा नथ्थू, आते तं तू बी उतारा लेवाले लागना!" गेलो नंदुरबारला. माणसांच्या डॉक्टरकडे नाही, आपल्या साहेबांकडे, म्हटलं त्यांना केस माहीत आहे. त्यांनी कानात बॅटरी मारली, पात्याने खरवडलं, फणीने विंचरलं, कागद ओला केला, सगळं नाही-नाही-नाही... आणि मग माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "नथ्थूभाऊ, तुम्ही आजवर कधीच न खाल्लेलं असं काय आहे?"

मी टोपी घातली. घरी आलो. दगूबाई दारात उभी, तिला न सांगताच कळलेलं, हातात आंघोळीची बादली. आणि मागून नदीकडून जामसिंग हाक मारतोय, "नथ्थूभाऊ! आते मासा एकले पुरतीन इतलाच धरू, का दोन्हीसले?"